बॅडमिंटन कोर्टावरच्या बिबड्या

आमच्या कॉलनीबद्दल सांगायचं तर गेटापासूनच सुरुवात करावी लागेल, कारण आम्हा रहिवाशांना त्या गेटाचं भारी कौतुक आहे. धुळ्यात देवपूर मागे टाकून पुढे आलात की काळ्या ग्रॅनाइटचे दोन खांब दिसतात आणि मधे आपोआप सरकणारं दार. आत डांबरी रस्ता, दुतर्फा बंगले, प्रत्येक बंगल्यासमोर पांढरी गाडी. शिरपूरकडचे जिनिंगवाले, बियाणेवाले, दोन-चार डॉक्टर, नरडाण्याला कारखाना असलेले आमचे अध्यक्ष, सागवानाचे व्यापारी, ठिबकच्या नळ्या विकणारा माझा नवरा आणि कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी मी. एकूण एक मंडळी गावाकडून आलेली, आणि ही गोष्ट फक्त लग्नाच्या पंगतीत आठवणारी.

आमच्याकडे सगळं आहे. लॉन आहे, पहाटे पाचला त्याच्यावर आपोआप उडणारे फवारे आहेत, मधोमध बॅडमिंटन कोर्ट आहे. गच्च्यांवर सौर पॅनेल आहेत, इतकी की वीजबिल दाखवून लोक एकमेकांना जळवतात. नियमांची पाटी आहे. बाल्कनीत कपडे वाळत घालू नयेत, हॉर्न वाजवू नये, पाहुण्यांची नोंद करावी. शेजारी जायचं तरी आधी फोन करायचा, ‘घरी आहात ना, येऊ का’ विचारायचं. हे सगळं मला आवडायचं. उगाच खोटं कशाला बोलू.

सासरे गेल्यावर आम्ही सासूबाईंना साक्रीकडच्या गावाहून इथे आणलं. त्यांना सगळं गाव अक्का म्हणतं, मीही अक्काच म्हणते. त्या आल्या त्या एका अटीवर. ‘आखाजीलोंग राहसू. मंग देखू.’ आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमच्या खानदेशातला मोठा सण. सोबत एक खाकी पिशवी होती, ती त्यांनी त्यांच्या खोलीच्या दारामागे खुंटीला लावली. लुगडी त्या पिशवीतून काढायच्या, धुऊन पुन्हा पिशवीतच ठेवायच्या. मी त्यांच्यासाठी कपाटाचे दोन कप्पे रिकामे करून ठेवले होते. ते रिकामेच राहिले.

मला त्या राहायला हव्या होत्या. कर्तव्यबिर्तव्य बाजूला ठेवा, मला ही बाई मनापासून आवडते. मी नवी नवरी असताना भाकरी थापायला शिकत होते आणि माझ्या भाकरीला रोज नवा आकार येत होता, तेव्हा ह्या बाईने ते सगळे आकार न हसता खाल्ले होते. गावात आता त्या मोठ्या घरात त्या एकट्याच असणार, गुडघे दुखतात, हे वेगळंच. पण इथे त्या दिवसभर ओट्यावर बसून सरकत्या गेटाकडे बघायच्या. संध्याकाळी म्हणायच्या, आज कोणी आलं नाही. मी म्हणायचे, अक्का, इथे फोन केल्याशिवाय कोणी येत नाही. त्या पुन्हा गेटाकडे वळायच्या, आणि माझी नजर त्या पिशवीकडे जायची.

चैत्रात एका सकाळी मी त्यांना फिरायला नेलं. बॅडमिंटन कोर्टापाशी त्या थांबल्या. गुळगुळीत, हिरवा रंग दिलेली जमीन, चहूबाजूंनी ऊन. वाकून त्यांनी हात फिरवून पाहिला.

‘इतलं मोठं खयं करी ठेयेल शे,’ त्या म्हणाल्या, ‘नि कोनी काहीच वायत घालत नही?’

धान्य मळायचं खळं समजल्या होत्या त्या. मी हसत हसत सांगितलं की इथे खेळतात. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझं हसू जागेवरच थांबलं. मग घरी येईपर्यंत त्या एकच बोलत राहिल्या, बिबड्या. यंदा बिबड्या करायच्या. कितीतरी महिन्यांनी त्यांचा आवाज चढला होता, आणि तो ऐकून मला इतका आनंद झाला की पुढचं काहीही न विचारता मी हो म्हणून टाकलं.

तिथेच चुकलं. ‘पाच पायल्या भिजाडसू,’ अक्का म्हणाल्या आणि मी मान हलवली. पायली म्हणजे मी काहीतरी तपेलीएवढं माप धरून चालले होते. मापं आणि एककं शिकवून मी पगार घेते, तरी हे. नवऱ्याने ज्वारीचं पोतं आणून ठेवलं तेव्हा माझे डोळे पांढरे झाले. बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड, पण लाटायचे नाहीत. ज्वारी तीन दिवस भिजवायची, वाळवायची, भरडून आणायची, मग मोठ्या पातेल्यात तीळ, लसूण, जिरं, मिरची घालून शिजवायची. त्याला घाटा म्हणतात. तो चटके बसतील इतका गरम असतानाच ओल्या हाताने सुती कापडावर थापायचा. गार झाला की घट्ट होतो आणि मग सगळंच गेलं. एवढा घाटा थापायला आठ-दहा बायका तरी हव्यात.

‘अक्का, बायका कुठून आणायच्या? मी ग्रुपवर निरोप टाकते.’

‘बिबड्यासले कोनी बलावस का?’ त्या म्हणाल्या. ‘धूर दिखना का बाया येतस.’

गावात तसंच होतं. ज्या घरातून पहाटे धूर निघाला, त्या घरी बायका आपापला पाट घेऊन हजर. बोलावणं करणं म्हणजे उलट अपमान, जणू त्या आपणहून आल्याच नसत्या. मला हे माहीत होतं. आणि इथे कोणी येणार नाही, हेही माहीत होतं. ती सकाळ डोळ्यांसमोर दिसू लागली. पातेलंभर घाटा गार होतोय, अक्का वाट बघतायत, आणि दुपारी खुंटीवरची पिशवी खाली. मी ठरवलं की पहाटे गुपचूप ग्रुपवर टाकायचं, ‘या, पण धूर दिसला म्हणून आलो असं सांगा.’ कोर्टाची परवानगीही काढली नाही. विचारलं असतं तर अध्यक्ष नाही म्हणाले असते, म्हणून विचारलंच नाही.

त्या पहाटे आम्ही तिघं उठलो तेव्हा झुंजूमुंजू होत होतं. कोर्टाशेजारी, कडुनिंबाखाली विटांची चूल मांडली. मंडपवाल्याकडून पातेलं आणलं होतं, माझी शाळेत जाणारी पोरगी त्यात आरामात मावली असती. गावाहून गाडीच्या डिकीत जळणाला कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या आणल्या होत्या, त्या आदल्या संध्याकाळी मी लॉनच्या कडेला नीट रचून ठेवल्या होत्या. आणि पाच वाजता लॉनवर कोण उडतं, ते मी वर सांगितलंच आहे. जळण न्हाऊन निघालं होतं.

नवऱ्याने फुंकणीने फुंकलं, पुठ्ठ्याने वारा घातला, शेवटी थोडं रॉकेल मिळतं का बघत बसला. कशीबशी चूल पेटली, पण धूर असा उठला की मला समोरचा बंगला दिसेना. पांढरा, जाड, सरळ वर चढणारा. अक्कांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि चेहरा खुलला होता. ‘भलता धूर शे,’ त्या समाधानाने म्हणाल्या.

घाटा घट्ट होऊ लागला तसं मला निरोपाचं आठवलं. फोन घरात चार्जिंगला. आणि माझे दोन्ही हात त्या लाकडी दांड्यावर, कारण अक्कांनी तंबी दिली होती की हलवणं थांबलं तर खाली लागेल. नवरा पाणी आणायला गेला होता. मी नुसती घामाने निथळत ढवळत राहिले. घाटा तयार होत होता आणि कोणी येत नव्हतं. अक्का पाटावर बसून गेटाकडे बघतात तशाच रस्त्याकडे बघत होत्या, आणि मला रडू यायचं बाकी होतं.

तेवढ्यात गुरख्याची शिट्टी वाजली. मग धावणारी पावलं. धुरातून आधी लाल रंगाचं नळकांडं पुढे आलं, त्याच्यामागे आमचे अध्यक्ष, अर्ध्या चड्डीत, आग विझवायचं यंत्र रोखून. त्यांच्यामागे समोरच्या डॉक्टरीणबाई हातात ओला टॉवेल घेऊन, जिनिंगवाल्यांच्या दोघी सुना रात्रीच्या गाऊनमध्ये, एकीच्या हातात बादली. आणखी पाचसहा जणी, कोणी चपला घालून, कोणी तशाच. त्या वेळेपर्यंत मी ह्या बायकांना केस विस्कटलेल्या कधी पाहिलंच नव्हतं.

अध्यक्षांनी यंत्राची पिन काढायला हात घातला आणि मी किंचाळले, ‘अहो भाऊ, घाटा आहे!’

ते थबकले. सगळेच थबकले. धूर जरा वर गेला आणि तीळलसणाचा तो वास सगळीकडे पसरला. कोणी काही बोलायच्या आत अक्का उठल्या, कमरेवर हात ठेवून त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘मी तुले सांगेल व्हतं ना. धूर दिखना का बाया येतस.’

मी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी ओला टॉवेल हळूच पाठीमागे नेला. त्या क्षणी मला त्यांची गळाभेट घ्यावीशी वाटली.

‘हात धुईसन बठा,’ अक्कांनी हुकूम सोडला. ‘घाटा थंडा व्हई जाई.’

आणि खरं सांगते, बसल्या. बादलीतलं पाणी हात ओले करायला कामी आलं. कापडं पसरली, कोर्टाच्या पांढऱ्या रेघांवर. जिनिंगवाल्यांची थोरली सून, जी ग्रुपवर नेहमी नियमांची आठवण करून देते, तिचा हात असा सराईत फिरला की एकसारख्या गोल बिबड्यांची रांगच लागली. अक्कांनी मान डोलावली. डॉक्टरीणबाईंच्या बिबड्या माझ्या पहिल्या भाकऱ्यांसारख्या झाल्या. अक्का त्याही न हसता बघत होत्या. अध्यक्षांना कोणीतरी वाटीभर घाटा दिला, वर कच्चं तेल. ते यंत्र मांडीशी धरून कडुनिंबाच्या पारावर बसून खात होते, आणि दुसरी वाटी मागताना त्यांना गावची आई आठवली की काय कोण जाणे, चष्मा पुसत होते. धुराने असेल.

सगळ्यात उशिरा सागवानवाल्यांच्या आई आल्या. साठी ओलांडलेल्या, साक्रीकडच्याच. ईदला मी त्यांच्याकडे शिरखुर्मा प्यायला जाते, तोही फोन करूनच. त्या धावत आल्या नव्हत्या. शांतपणे चालत आल्या. एका हातात बसायचा पाट, खांद्यावर धुतलेली सुती चादर, घडी केलेली. त्यांनी पाट मांडला, बसल्या, बाह्या वर सारल्या.

‘इतला वरीस व्हयनात,’ त्या अक्कांना म्हणाल्या, ‘आठे कोनाच घरना धूर दिखना नव्हता.’

‘आते दिखना ना, बहिन,’ अक्का म्हणाल्या आणि घाट्याचा पहिला मोठा गोळा त्यांच्या पुढ्यात ठेवला.

ऊन चढेपर्यंत कोर्ट भरून गेलं. सातला खेळायला येणारी मंडळी रॅकेटी हातात धरून कडेला उभी होती आणि त्यांना पाखरं हाकलायच्या कामाला लावलं होतं. मी कॉलेजला निघाले तेव्हा माझ्या हातांना तिळाचा वास होता, आणि मी गाडीत एकटीच हसत होते. वर्गात सापेक्ष वेग शिकवायचा होता. काय शिकवलं देव जाणे.

आग लागली समजून सगळ्या धावल्या, हे अक्कांना कोणीच सांगितलं नाही. त्याबद्दल कॉलनीत कुठली बैठक झाली नाही, कुठला ठराव झाला नाही. एवढ्या सगळ्या माणसांनी एक गोष्ट पोटात ठेवली, आणि आमच्या ग्रुपला ती सवय अजिबात नाही.

पण मला खात्री कशाचीच नव्हती. बिबड्या वाळल्या, कापड ओलं करून सोडवल्या, पुन्हा उन्हं दाखवली, आणि आखाजी येऊन ठेपली. सणाच्या दिवशी सांजोऱ्या झाल्या, घागर भरली, सासऱ्यांच्या नावाने पान वाढलं. दुपारी अक्का त्यांच्या खोलीत गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा खाकी पिशवी त्यांच्या हातात होती. गच्च भरलेली. ती त्यांनी माझ्या नवऱ्यापुढे ठेवली.

‘भाऊ, गाडी काढ. हाई पिशवी गावले लई जाय.’

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ठरल्याप्रमाणेच झालं होतं, आखाजीपर्यंत म्हणाल्या होत्या, तक्रार कसली करणार.  नवऱ्याने पिशवी उचलली आणि चपापून माझ्याकडे पाहिलं. इतकी गच्च पिशवी, आणि त्याने ती एका बोटाने उचलली होती. आतून कुरकुर आवाज आला. त्याने चेन उघडली. वरपर्यंत बिबड्या होत्या.

‘मन्ही धाकली जाऊले दे, शेजारले दे,’ अक्का म्हणाल्या. ‘सांग, आमना घरन्या शेतस.’

‘आणि तुझी लुगडी?’ त्याने विचारलं.

‘कपाटमा ठेयेल शेतस.’

मी धावतच त्यांच्या खोलीत गेले. दोन्ही कप्पे भरले होते, घड्या एकावर एक नीट रचलेल्या. मागून अक्का आल्या. माझे ओले डोळे त्यांनी पाहिले. खिडकीशी जाऊन त्यांनी समोरच्या बंगल्याकडे पाहिलं.

‘सकाय तठे घाटा शे, डॉक्टरीनबाईना घर,’ त्या म्हणाल्या. ‘तू लवकर नीज. धूर दिखना का जानं पडी.’