एकशे एकची घंटा

पिंपळगाव रेणुकाईच्या मच्छिंद्रला फोनचा नाद लागला तो भोकरदनच्या स्टँडसमोर त्याने एसटीडी बूथ टाकला तेव्हा. पंच्याण्णव साल असेल. काचेच्या त्या खोक्यात बसून निम्म्या महाराष्ट्राचे कोड त्याला पाठ झाले. गिऱ्हाईक नुसतं "परळी" म्हणायचं आणि याची बोटं आकडे दाबून मोकळी. पुढे खिशाखिशांत मोबाईल आले, बूथकडे कुणी फिरकेना, तेव्हा तो जालन्याला आला आणि एका बियाणे कंपनीत ऑपरेटर म्हणून लागला. लाल-हिरव्या दिव्यांचा बोर्ड आणि त्याच्यासमोर मच्छिंद्र. कंपनीत कुणाला बाहेर फोन करायचा तर आधी शून्य दाबून त्याच्याकडून लाईन मागावी लागे. याचा त्याला मोठा अभिमान होता आणि तो अभिमान तो लपवतही नसे.

दोन हजार सहाच्या जानेवारीत कंपनीने तो बोर्ड काढला आणि इंटरनेटवर चालणारी फोनची नवी यंत्रणा बसवली. पुण्याहून आलेल्या इंजिनियरने मशीन जोडलं, दोन दिवस शिकवलं आणि जाताना म्हणाला, "बाहेर जाणाऱ्या कॉलचे नियम तुम्हीच टाका. कुठला नंबर कुठल्या लाईनीने जातो, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे इथं?" मच्छिंद्रची छाती फुगली. बारावी नापास माणूस, आणि तो आता मशीनला शिकवणार होता.

काम समजायला अवघड नव्हतं. फिरवलेला नंबर मशीन पाहतं आणि नियमांची यादी वरून खाली वाचत जातं. जो पहिला जुळेल तो लागू, पुढचं वाचायचंच नाही. दोनने सुरू होणारे सहा आकडे म्हणजे जालन्यातला नंबर, तो जुन्या टेलिफोनच्या तारेवर. नऊने सुरू होणारे दहा आकडे म्हणजे मोबाईल, तो सिमकार्डाच्या डब्याकडे. अकोला आणि हैदराबादच्या डेपोंना चारने सुरू होणारे तीन आकडे दिले होते, ते इंटरनेटवरून. आणि एकने सुरू होणारे तीन आकडे म्हणजे कंपनीतल्या कंपनीत. आतले फोनच सगळ्यांत जास्त होणार, म्हणून तो नियम त्याने यादीत सर्वांत वर ठेवला.

आतले नंबर वाटताना मालक आबासाहेब म्हणाले, "माझ्या केबिनला पहिला नंबर पाहिजे बरं का." मच्छिंद्रने त्यांना एकशे एक देऊन टाकला. मनात दुसरा कुठला विचार आलाच नाही.

मग तो खात्याखात्यांतून फिरला. "आता आधी शून्य दाबायचं न्हाई, मला लाईन मागायची न्हाई. सरळ नंबर दाबायचा, बाकीचं मशीन बघतंय," असं सगळ्यांना सांगत सुटला. सरकी निवडायच्या शेडमध्ये आसराबाई मुकादम होती. केदारखेड्याची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पण आकडे ओळखायची आणि तीस बायांचं काम चोख काढायची. तिच्यासाठी मच्छिंद्रने एका पुठ्ठ्यावर पोलीस, आग आणि अँब्युलन्सचे नंबर ठळक लिहून दिले.

"मंग आसराबाई, आग लागली तं काय दाबायचं?"

"एक, शून्य, एक."

"बराबर!"

एप्रिलमधल्या एका रविवारी शेड अर्धा दिवस चालू होती, ऑफिस बंद होतं. दुपारी दोनच्या सुमारास शेडला लागून असलेल्या पॅकिंग हॉलमधल्या पंख्याच्या वायरीतून ठिणगी पडली आणि सरकीच्या रुईने भसकन पेट घेतला. आसराबाईने बायांना बाहेर पिटाळलं आणि स्वतः फोनकडे धावली. एक, शून्य, एक. घंटा वाजायला लागली. वाजतच राहिली. तिने ठेवून पुन्हा लावला. पुन्हा घंटा. आता उचलतील, मग उचलतील, म्हणून ती कानाला फोन लावून उभीच. तिसऱ्यांदाही तेच. तेवढ्यात तिची जाऊ तुळजाबाई पोती ओढायला आत शिरली आणि दोन्ही तळहात भाजून बाहेर आली. मोबाईल तिथं कुणाकडेच नव्हता, शेवटी वॉचमन मोटरसायकल घेऊन अग्निशामक दलात गेला. बंब येईपर्यंत अर्धा हॉल जळून गेला होता.

सोमवारी सकाळी मच्छिंद्रने कंप्युटर उघडला. आदल्या दिवशीच्या कॉलची यादी समोर आली. शेडच्या फोनवरून एकशे एकला, तीन वेळा. सगळ्यांत लांब कॉल पावणेदोन मिनिटं घंटा वाजलेला. उत्तर नाही. त्याला आधी काही कळेना, आणि मग कळलं. तो फोन शहरात गेलाच नव्हता. यादीतल्या पहिल्याच नियमाने त्याला पकडून आबासाहेबांच्या कुलूपबंद केबिनमध्ये नेऊन सोडलं होतं. पावणेदोन मिनिटं रिकाम्या खुर्चीसमोर घंटा वाजत होती.

दहा वाजता मिटिंग झाली. मॅनेजर सर्जेराव म्हणाले, "मी अग्निशामक दलात जाऊन आलो. काल दुपारी आपल्याकडून त्यांना एकही फोन गेलेला नाही."

"मी लावला व्हता साहेब," आसराबाई म्हणाली. "घंटी वाजून राह्यली व्हती. कोन्ही उचललंच न्हाई."

सर्जेराव मच्छिंद्रकडे वळले. "मशीनमध्ये काही बिघाड?"

सांगायची वेळ हीच होती. आबासाहेब समोर बसले होते. मशीनला शिकवणारा माणूस म्हणून याच खोलीत महिन्यापूर्वी त्याची तारीफ झाली होती. त्याच्या तोंडून निघालं, "मशीन बिलकुल बराबर हाय साहेब. घाईत बाईचं बोट चुकलं आसंल."

आसराबाईने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. ती खरोखरच विचारत होती. "चुकलं आसंल का रे भाऊ?"

"घाबरल्यावर व्हतं तसं," मच्छिंद्र म्हणाला, आणि खाली मान घालून वहीत काहीतरी लिहिल्यासारखं करू लागला.

दुपारपर्यंत त्याने सगळं गुपचूप दुरुस्त केलं. तीन तातडीचे नंबर यादीत सर्वांत वर टाकले, ते थेट जुन्या तारेवर. "एकशे अकरा दिसायला भारी वाटतो साहेब," असं सांगून केबिनचा नंबरही बदलला. एक खोटं झाकायला दुसरं.

आसराबाईची मुकादमी गेली, मालनबाईला मिळाली. शेडमध्ये बाया ऐकू जाईल असं बोलायच्या, "आकडे येत न्हाईत तं फोनला हात कशाला लावावा?" मच्छिंद्र शेडसमोरून जायचं टाळू लागला. कँटीनच्या मागून वळसा घालून ऑफिसात यायचा. डबा तसाच घरी जायचा. बायको विचारायची तेव्हा पित्त झालंय म्हणायचा.

आठव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आसराबाई तो पुठ्ठा घेऊन त्याच्या टेबलापाशी आली.

"भाऊ, मला पुन्हा एकदा शिकव. रोज जावेच्या हाताला मलम लावून राह्यले मी. तिला म्हनलं, मह्याच बोटानं घात केला बाई. पुन्हा आसं व्हायला नको."

तिने टेबलावरच बोट टेकवून दाखवलं. एक, शून्य, एक. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा.

"आत्ता तं येतंय. मंग त्या दिवशी काऊन चुकलं आसंल?"

"चुकलं न्हवतं, आसराबाई," मच्छिंद्र म्हणाला. "तुम्ही बराबरच दाबलं व्हतं. मशीनला म्याच चुकीचं शिकवलं. फोन साहेबांच्या केबिनीत वाजत व्हता."

तिने विचारलं, "तुला कधी कळालं?"

"सोमवारी. सकाळीच."

"म्हंजी मिटिंगच्या आधी."

"हो."

"मशीनचं मी समजून घेतलं आसतं रे," ती म्हणाली, आणि पुठ्ठा टेबलावर ठेवून निघून गेली.

तो तडक आबासाहेबांकडे गेला. कॉलची यादी कागदावर छापून घेतली होती, ती पुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. आबासाहेबांनी कपाळाला हात लावला. "झालं ते झालं. तू नियम दुरुस्त केलास ना? मग आता पुन्हा चर्चा कशाला?"

"नियम दुरुस्त केला साहेब. बाईचं काहीच केलं न्हाई."

साहेबांनी छापलेली यादी पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "जा, सांग."

दुपारी चहाच्या वेळी शेडमध्ये तीस बायांसमोर तो उभा राहिला. चूक आपली होती, मिटिंगच्या आधीच कळली होती आणि तरीही आपण नाव आसराबाईचं घेतलं, हे त्याने क्रमाने सांगितलं. पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवून तुळजाबाई टक लावून पाहत होती. मालनबाई म्हणाली, "आन् आमी आठ दिस हिलाच बोलून राह्यलो!" तिने तिथल्या तिथे मुकादमीची शिट्टी गळ्यातून काढली आणि आसराबाईच्या हातात दिली.

आसराबाई दोन शिव्या देईल, निदान रडेल, असं मच्छिंद्रला वाटलं होतं. तसं झालं असतं तर त्याला हलकं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "बरं. चला, कामाला लागा." त्यानंतर तिने त्याला कधी भाऊ म्हटलं नाही. समोर आला की "काय ऑपरेटर साहेब," एवढंच. त्या साहेब शब्दाने त्याची मान दरवेळी खाली जायची. तुळजाबाईचे हात पावसाळ्याच्या तोंडावर बरे झाले, पण बोटं पूर्ण मिटायची नाहीत. ती सरकी निवडायची ती ओंजळीने.

पुढे कंपनी सोडून मच्छिंद्रने अशाच यंत्रणा बसवायचं काम सुरू केलं. कुंभार पिंपळगावच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यापासून जालन्यातल्या दवाखान्यांपर्यंत त्याला बोलावणी येतात. हुशार म्हणून नाव आहे. कुणी तारीफ केली की तो विषय बदलतो. काम संपलं, बिल झालं, चहा झाला, तरी तो लगेच निघत नाही. तिथल्या फोनवरून अग्निशामक दलाला फोन लावतो.

"कुठं लागली आग?" पलीकडून घाईत आवाज येतो.

"कुठंच न्हाई साहेब. फोन लागतो का, ते पाहून राह्यलो."

पलीकडचा माणूस भडकतो. हा काय खेळ आहे का, तुमच्यासारख्यांमुळे लाईन अडून राहते, पोलिसांत देऊ का, असं बरंच काही सुनावतो. मच्छिंद्र मधे बोलत नाही. सगळं ऐकून घेतो, "माफ करा साहेब," म्हणतो, आणि पलीकडून फोन ठेवल्यावरच आपला ठेवतो.