बाबांना आत जाऊ द्यायचं नाही

आमच्या कारखान्यातला बर्फ रोज संध्याकाळपर्यंत संपायचा. किस्से मात्र साठत गेले. लग्नात म्हणा, नाक्यावर म्हणा, जुनं माणूस भेटलं की सुरू, "अरे, तुझ्या बाबांचा तो किस्सा सांग ना!" मी चौथीच्या पुढे शाळेत गेलो नाही. सांगतो ते सावकाश सांगतो. बसा जरा.

पनवेलला आमचा बर्फाचा कारखाना होता. बाबांनी, म्हणजे हिराजीशेटनी, तरुणपणी मिठागरावर राबून चार पैसे जमवले आणि मुंबईतलं एक जुनं मशीन ट्रकवर घालून आणलं. उरणकडच्या होड्यांना बर्फ आमचा जायचा. बर्फ गोठवायला अमोनिया गॅस लागतो. पाइपात आहे तोवर तो गरीब. बाहेर आला की डोळे, नाक, छाती, काही सोडत नाही. कुठेही गळती झाली की बाबा आधी आत. दुसऱ्याला जाऊ देत नसत. अशी वीस वर्षं गेली.

नव्वदच्या सुमारास डॉक्टरांनी त्यांच्या छातीचा फोटो उजेडात धरला. मग म्हणाले, "हिराजीशेट, आता बस. अजून एकदा गॅस छातीत गेला तर मला बोलावू नका, मुलांना बोलवा."

बाबा म्हणाले, "मंग तुमची फी वाचली!"

कुणीच हसलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी आई कारखान्यात आली. एरवी कधी यायची नाही. मशीन मी चालवायचो, सोबतीला हसनभाई, बाबांचा पहिल्या दिवसापासूनचा मिस्त्री. आईनं आम्हा दोघांना समोर उभं केलं.

"यांचा पाय मशीनरूममधी पडला, तर तुमच्या दोघांच्या भाकऱ्या बंद!"

हसनभाई म्हणाला, "भाभी, मेरे को कायको? मुलगा तर हा आहे!"

"दुपारची भाकरी कुनाच्या घरची खातोस?"

हसनभाई खाली बघायला लागला. वीस वर्षं तो आमच्याच डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकट खात होता. त्या दिवसापासून आम्ही दोघं राखणदार झालो. ज्याचा कारखाना, त्यालाच आत सोडायचं नाही!

*

बाबांना मशीनरूमच्या दारापासून दहा पावलांवर स्टूल टाकून दिलं. बाबा लगेच बसले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

स्टूल रोज वीतभर पुढे सरकायचं. विचारलं तर म्हणायचे, "ऊन लागतं." छपराखाली कुठलं ऊन? हसनभाईनं खडूनं रेघ मारली. दुसऱ्या दिवशी रेघ पुसलेली. "पानी सांडलं वाटतं," बाबा म्हणाले.

एकदा मी बर्फाच्या लाद्या टेम्पोत भरून परत येतो तर काय, स्टुलाचे पुढचे दोन पाय उंबऱ्याच्या आत! बाबा वर बसलेले, स्वतःचे पाय मांडी घालून वर घेतलेले. "बाबा, काय ठरलं होतं?"

"माजा पाय आत हाय का? दाखव. स्टुलाचं डॉक्टर कुठं काय बोल्ला?"

*

बाजारातल्या बायका नवऱ्याच्या तोंडाचा वास घ्यायच्या. प्यायलाय का ते बघायला. आमची आई सदऱ्याचा वास घ्यायची. अमोनिया कापडात बसतो, लपत नाही. बाबा संध्याकाळी घरी आले की दारातच उभं राहायचं, आई खांद्याशी नाक नेणार, मग पाण्याचा तांब्या मिळणार. तेवढा वेळ मीही ओटीवर श्वास रोखून उभा.

महिनाभर वास आला नाही. मी खूष, हसनभाई खूष. आमची राखण कामी आली म्हणून आम्ही एकमेकांना चहा पाजला. नंतर कळलं, आम्ही जेवायला बसलो की बाबा आत जात होते. समोरच्या शिंप्याकडे त्यांनी दुसरा सदरा ठेवला होता!

आईला कसं कळलं देव जाणे. ती भांडली नाही. सकाळी डब्याच्या पिशवीत इस्त्रीचा एक सदरा घालून दिला आणि म्हणाली, "बदलायचाच हाय ना, तर धुतलेला तरी घाला. शिंप्याकडचा म्हयनाभर मळतोय."

बाबा पुढे आठवडाभर स्टुलावरून उठले नाहीत.

*

पावसाळ्यात खोकला वाढला. आईनं त्यांना पंधरा दिवस घरातच बसवलं. खांदा कॉलनीत माझ्या धाकट्या भावाचा ब्लॉक होता, तिथे. कारखान्यात फोन होता. अकरा वाजले की घंटी.

"मशीनजवल धर फोन."

मी तार ताणून फोन मशीनकडे धरायचो. पलीकडून नुसता खोकला. मग आवाज यायचा, "पट्टा ढिला पडलाय. डावीकडचा."

हसनभाई जाऊन बघायचा. पट्टा ढिला! तो कपाळावर हात मारायचा. "अरे, ये आदमी है या स्टेथोस्कोप?"

एक दिवस मात्र बाबा फोनवर काहीच बोलले नाहीत. मी तीनदा हाक मारली. शेवटी हळू म्हणाले, "आवाज बराबर हाय. तू चालवतोस बराबर." आणि फोन ठेवला. मी तो कितीतरी वेळ कानालाच धरून होतो. हसनभाई विचारतोय, "काय झालं? क्या बोले?"

*

एक गोष्ट पनवेलात सगळ्यांना माहीत होती. मयताला लागणारा बर्फ बाबा कुणालाही द्यायचे, पैसे घ्यायचे नाहीत. एकदा ओवे गावातून एक जण धावत आला. त्याची आई वारली होती, भाऊ आखाती देशात, येईपर्यंत दोन दिवस ठेवायची होती. आणि नेमकं त्या दिवशी मशीन बंद! एका सांध्याला गॅस झिरपत होता. हसनभाई आत गंधकाची वात पेटवून शोधत होता. गळतीजवळ वात नेली की पांढरा धूर उठतो, तशी ती जागा सापडते. त्याला सापडेना.

बाबा स्टुलावरून उठले. "मला म्हाईत हाय कुठं हाय ती."

मी दारात आडवा उभा राहिलो.

"बाजूला हो."

"नाय होनार."

जन्मात पहिल्यांदा बाबांना नाही म्हणालो. समोर बाबा, त्यांच्यामागे तो माणूस रडतोय, माझ्या पाठीशी लिकेज. एका बड्या घरच्या लग्नाच्या चार लाद्या भुशात झाकून ठेवल्या होत्या. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग भुशाकडे. गोणपाट ओढलं आणि चारही लाद्या टेम्पोत चढवायला लावल्या.

"बाबा, आज लगीन हाय त्यांचं! काय सांगायचं?"

"सांग, सरबत कोमट चालतं. मानूस चालत नाय."

*

आता शेवटचं.

एप्रिल महिना, भर दुपार. मोठा आवाज झाला आणि मशीनरूममधून पांढरे लोट बाहेर यायला लागले. पाइपाचा जोडच फुटला होता. बाहेरचा स्विच मी पाडला, मशीन थांबलं, पण गॅस थांबेना. आत मागच्या भिंतीवरचा मेन व्हॉल्व आवळल्याशिवाय तो थांबणार नव्हता. दहा हातांवर वस्ती. हसनभाई पोरांना, बायकांना ओरडून पळवत होता. मी वळलो तर बाबा तोंडाला ओला पंचा बांधत होते.

मी तो ओढून घेतला. "तुमी नाय बाबा! मी जातो!"

मला वाटलं, ढकलून आत जातील. दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या हातांनी माझ्या तोंडाला पंचा बांधला.

"दम धरून जा. आत घेऊ नको. भिंतीच्या आवाजानं चाल."

आणि हातात पाना घेऊन ते मागच्या बाजूला गेले. वारा तिकडून येत होता, गॅस तिकडे नव्हता.

आत गेलो. डोळे मिटले, तरी आग. काही दिसेना. पण मागची भिंत पत्र्याची होती, आणि पलीकडून आवाज आला. ठक. ठक. बाबा बाहेरून भिंतीवर पाना मारत चालले होते. मी आतून त्यांच्या मागे. ठक. ठक. मग आवाज एका जागी थांबला, ठकठकठक! हात पुढे केला, व्हॉल्व हाताला लागला. आवळला. छाती फुटायला आली होती. आवाज परत निघाला, ठक, ठक, दाराकडे. मी त्याच्या मागे.

बाहेर पडलो आणि गुडघ्यांवर आलो. कुणीतरी डोळ्यांवर बादली ओतली. खोकत होतो, श्वास धड घेता येत नव्हता. तेवढ्यात मागून हसनभाईची किंकाळी, "शेट! श्वास घ्या! शेट, साँस लो!"

धडपडत मागे गेलो. बाबा भिंतीला टेकून उभे. हातात पाना, तोंड घट्ट मिटलेलं, गाल फुगलेले, चेहरा निळा.

"बाबा, श्वास घ्या!"

त्यांनी मान हलवली. पाना उचलला आणि माझ्या छातीकडे दाखवला.

मी छाती भरून श्वास घेतला. त्यांना दिसेल असा.

मग त्यांनी घेतला.