जावेचं नवं मशीन

माझ्या थोरल्या जावेला ग्राहक आयोगाने न्याय दिला आणि मला तो अजून पचलेला नाही. हे लिहिताना लाज वाटायला हवी, पण वाटत नाही.

दसऱ्याला आम्ही दोघींनी भिवंडीतल्या एकाच दुकानातून एकाच कंपनीचं वॉशिंग मशीन घेतलं. माझं आमच्या खोलीत आलं, तिचं जवळच्या कोन गावात, तिच्या घरी गेलं. दोघींनी हळदकुंकू वाहिलं, हार घातला, एकमेकींना फोटो पाठवले. तिच्या मशीनमागे नव्या टाइल्स होत्या. त्या मी बोटांनी मोठ्या करून पाहिल्या. पुढे दोन्ही मशीनं एकाच तऱ्हेने बिघडली. कपडे पिळायची वेळ आली की गुरगुरायची आणि बंद पडायची.

दुकानदार आम्हा दोघींना म्हणाला, "माल में कुछ खराबी नहीं, भाभी. तुमच्या एरियाची लाइटच बेकार आहे."

माझा नवरा जॉबर, म्हणजे कारखान्यात बंद पडलेले माग दुरुस्त करणारा. माग थांबला की कारागिराची मजुरी थांबते, त्यामुळे तिथे कंपनीच्या माणसाची वाट कुणी बघत नाही. आधी पाना काढायचा, मग विचार करायचा. घरीही त्याची तीच रीत. त्या संध्याकाळी ड्युटीवरून आला, चहा घेतला, मशीन आडवं केलं आणि मागचं सील फाडून आत हात घातला. जेवणं व्हायच्या आत मशीन सुरू! मी शेजारणींना बोलावून दाखवलं. कोनला तर मुद्दाम फोन केला. थोरल्या दिराला, म्हणजे जावेच्या नवऱ्याला, साधा बल्ब धड बसवता येत नाही. तो गोदामात कामाला. मला जावेची कीवच आली.

महिन्याभरात आमचं मशीन पुन्हा अडलं. आता मी हट्टाने कंपनीचा माणूस बोलावला. त्याने फाटलेलं सील पाहिलं, "वॉरंटी खतम," म्हणाला आणि पाणीही न पिता गेला. नवऱ्याने पुन्हा पाना काढला आणि मशीन पुन्हा चालू केलं.

जावेचं मशीन कुणी उघडलं नव्हतं, कारण तिच्या घरात उघडणारं कुणी नव्हतंच. तिने आधी हेल्पलाइनला फोन केला, मग ठाण्याच्या आयोगात तक्रार घातली. वकीलसुद्धा लावला नाही. सोबत म्हणून एका तारखेला मी गेले. घरात पाहुण्यांसमोर पदर सावरत आत पळणारी ही बाई तिथे ताठ उभी राहिली.

"मशीन आलं तसंच हाय, सायब. कुनी हात लावला न्हाय," ती म्हणाली.

ते मला असं झोंबलं की मी बाहेर येऊन एका वकिलाला माझ्या मशीनचं विचारलं.

"सील तुम्हीच फाडलंत? मग ते म्हणणार, बिघाडही तुम्हीच केला. तक्रार करता येईल, पण अवघड आहे, ताई," तो म्हणाला.

निकाल तिच्या बाजूने लागला. नवं मशीन, शिवाय मानसिक त्रासाची भरपाई. मानसिक त्रास तिला! आणि मला काय झाला होता? ती पेढे घेऊन आली. मी एक तोंडात टाकला, गोड मानून घेतला आणि ती जाताच नवऱ्यावर तुटून पडले.

"तुमच्या ह्या हातांनीच माझं वाटोळं केलं. असा नवरा असण्यापेक्षा बल्ब न बसवणारा बरा!"

पान्यांची पिशवी त्याने माळ्यावर टाकली.

पुढच्या रविवारी कोनला नवं मशीन बघायला गेलो. ते चकाचक होतं. माझ्या मशीनपेक्षा मोठंच वाटलं, नसेलही. पण पिळायला लागलं की थडथडत पुढे सरकायचं. पाय समतल नव्हते, इतकंच. मलासुद्धा कळलं.

"भावजी, बघा ना जरा," जाऊ म्हणाली.

नवऱ्याने दोन्ही हात मांडीखाली घेतले. "नको वहिनी. कंपनीत फोन करा. आमचा हात लागला की वाटोळं होतं."

जाऊ हसली, तिला ती थट्टा वाटली. दुसऱ्याच दिवशी कंपनीचा माणूस कोनला येऊन पाय बसवून गेला. तिच्याकडे लगेच येतात आता.

गेल्या आठवड्यात आमचं मशीन भरल्या पाण्यानिशी थांबलं. नवरा समोरच बसला होता. पूर्वी मला सांगावंही लागत नसे.

"अहो, बघता का?" मी विचारलं.

"तक्रार कर," तो म्हणाला. "वहिनींना विचार कशी करायची ती."

मी पिशवी माळ्यावरून काढून त्याच्यापुढे ठेवली. तो उठून बाहेर गेला. मग मी मशीनमधले त्याचे तेलकट शर्ट बाहेर काढले, मोरीत बसून घासले, आणि तेव्हाही माझ्या डोळ्यांपुढे कोनचं मशीनच फिरत होतं.