बाईंचा दहा इंची डबा

"मोजलंत, की नुसतं पाहिलंत?"

हे विचारताना बाई डावा डोळा मिटायच्या. भाजीवाला म्हणायचा, "अक्का, किलोच्या स्वल्प वरच आहे." तरी हेच. रिक्षावाला म्हणायचा, पुढे रस्ता बंद आहे. तरी हेच, फक्त कन्नडमध्ये. असं माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आपण ते लांबून बघतो आणि रस्ता बदलतो. मीही बदलायचो. बसवनगुडीत वीस वर्षं आम्ही एका गल्लीत राहिलो, आणि बोलणं काय ते नमस्कारापुरतं.

मी सहावी शिकलेला, निपाणीकडचा. इथल्या सरकारी कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे करण्यात जन्म गेला. साचा सूतभर चुकला की अख्खं ओतकाम भंगारात. बाई सांगलीकडच्या. कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेल्या, नवऱ्यामागे एकट्या. मुलगी लग्न करून पुण्याला. गल्ली त्यांना टीचर म्हणायची.

माझी बायको गेली त्याला तेव्हा चार महिने झाले होते. लोक यायचे, "सावरा" म्हणायचे, चहा पिऊन जायचे. कसं सावरायचं ते एकानंही सांगितलं नाही. बाई आल्या त्या सांत्वनाला आल्याच नव्हत्या.

दारातूनच म्हणाल्या, "हत्यारं गंजली का?"

"गंजू देत."

"नाही गंजू द्यायची. मला एक डबा करून हवाय. दहा इंची. लांबी, रुंदी, उंची सगळं दहा."

"कशाला?"

"मी एकतीस वर्षं मुलांना चुकीचं शिकवलंय. ते निस्तरायचंय."

मी म्हणालो, पोरं पास झाली ना, मग झालं. तर माझ्यावरच खेकसल्या, "पास झाली हीच तर पंचाईत आहे! सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय ते."

मग ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं ते असं. एखादी वस्तू प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास पळत असेल, तर आपल्या मोजमापात ती पळण्याच्या दिशेनं आखूड भरते. दहा इंचाची सहा इंच. हे खरं. बाई फळ्यावर चपटी आगगाडी काढायच्या आणि सांगायच्या, "ती आपल्याला अशी दिसेल." म्हातारपणी कुठल्याशा व्याख्यानाला गेल्या आणि तिथं कळलं की दिसणार तशी नाहीच. मोजणाऱ्याला आखूड, पण लांब उभं राहून बघणाऱ्याच्या डोळ्याला ती चपटी न दिसता वळल्यासारखी दिसते. त्या व्याख्यानानंतर दोन दिवस बाई जेवल्या नव्हत्या, असं त्यांच्या कामवालीनं गल्लीत सांगितलं होतं. आम्हाला वाटलं पोट बिघडलं.

मी डबा केला. सागाचा, बघणाऱ्याकडे तोंड असलेली फळी लाल, पळताना मागे राहणारी बाजू पिवळी. पण दहा इंची नाही केला. आखूड भरतो म्हणाल्या ना, म्हणून शहाणपणा करून लांबीला सहाच इंच ठेवला. बाईंनी तो हातात घेतला, डोळा मिटला, आणि म्हणाल्या, "सुंदर झालाय. हीच माझी चूक आहे. तुम्ही ती लाकडात केलीत."

मला राग आला. "मोजून सहा इंच, तर दिसायला वेगळा कसा दिसेल? आणि तो माझ्या समोरून आडवा चाललाय, तर मागची पिवळी फळी मला दिसेलच कशी? लाकूड आहे ते, काच नव्हे."

"डब्याचा लांबचा कोपरा आहे, जवळचा कोपरा आहे. दोघांकडून निघालेला प्रकाश तुमच्या डोळ्यात एकदम पोचायचा असेल, तर लांबच्यानं आधी निघायला हवं की नको?"

"हवं."

"तो निघाला तेव्हा डबा कुठं होता? मागे होता. आणि त्याला अडवायला लाल फळी जागेवर थांबते का? डबा पळतोय, तीही पुढे सरकलेली. म्हणून पिवळी दिसते."

बाई तीन दिवस हेच सांगत होत्या. कधी काडेपेटी सरकवून, कधी डाळीचे डबे. माझ्या डोक्यात जात नव्हतं. चौथ्या दिवशी मी रंधा मारत होतो आणि हात थांबला.

बायको पहाटे गेली. सकाळी दारात दोन माणसं एकदमच आली. एक शेजारचा, हातात हार घेऊन. दुसरा तिचा धाकटा भाऊ. तो रात्रीच बेळगावहून बसला होता, फोन बंद पडलेला. त्याच्या हातात कुंद्याचा डबा, तिला आवडतो म्हणून. शेजारी बोलायच्या आत तो म्हणाला, "आक्का कशी आहे? झोपलीय का?" एकाच उंबऱ्यावर, एकाच वेळी, एकाकडची बातमी रात्रीची आणि एकाकडची आत्ताची. माझ्या डोळ्यासमोर ती एकदम दोन्ही होती.

हे मी कुणाला बोललो नव्हतो. बाईंना बोललो. म्हणालो, "लांबून आलेला जुनं घेऊन येतो, जवळचा नवं. डोळा दोन्ही एकत्र बघतो. असंच ना?"

बाईंनी काडेपेटी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "एकतीस वर्षांत मला इतकं नीट सांगता आलं नाही." आणि उठून माझ्याच स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. चहा भयंकर गोड झाला होता. मी पुरा प्यालो.

मग खरा दहा इंची डबा झाला. खाली खुंटी, त्यावर फिरणारा. पुढे फळी, फळीला डोळा लावायला भोक. लाल बाजू सहा इंच दिसेल इतका डबा फिरवला की पिवळी आठ इंच दिसते. डबा अख्खाच, नुसता वळलेला. शेजारी माझा सहा इंची ठेवला. बाईंनी चिठ्ठ्या चिकटवल्या. सहा इंचीवर 'मापात', वळलेल्यावर 'डोळ्यात'.

जुन्या विद्यार्थ्यांना स्वतः फोन केले. "मॅडम, महादेवपुऱ्याहून यायचं म्हणजे अर्धा दिवस जातो, लिंक पाठवा ना," असं कुणी म्हणालं की, "लिंक नाही. या. मी तुम्हाला चुकीचं शिकवलंय, ते तोंडावर सांगायचंय." रविवार ठरला. त्याला बारा दिवस होते, तेवढ्यात बाई गेल्या. झोपेतच.

पुण्याहून मुलगी आली. तिनं त्याच रविवारी श्रद्धांजली ठेवली. मी डबे घेऊन गेलो तर मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, प्लीज, आज नको. लोक आईबद्दल चांगलं बोलायला आलेत. आणि तुम्ही सगळ्यांसमोर सांगणार, तिनं चुकीचं शिकवलं?"

"मी नाही सांगत, पोरी. बाईंनीच सांगायला बोलावलंय त्यांना. त्या नाहीत म्हणून चूक बरोबर होत नाही."

"तुम्हाला समजतं तरी का त्यातलं?"

"एवढ्या डब्यापुरतं समजतं."

ती रडायला लागली. मला माया दाखवता येत नाही. मी टेबलावरचा हार सरकवून डबे मांडले.

तीस-पस्तीस जण होते, मोठमोठ्या पगाराचे. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी सुतार आहे. तुमच्या बाईंनी तुम्हाला एक गोष्ट चुकीची शिकवली. ती दुरुस्त करूनच घरी जायचं. रांगेत या, एक डोळा मिटा." कुणीतरी हसलं, पण रांग लागली. जो अडला त्याला मी उंबऱ्यावरच्या दोन माणसांची गोष्ट सांगितली. सगळ्यांदेखत. शेवटी मुलगी आली. तिनं भोकाला डोळा लावला तो बराच वेळ काढला नाही.

एकजण मात्र भिंतीशी तसाच उभा होता. पंचेचाळिशीचा असेल. म्हणाला, "काका, मी बाईंच्याच कॉलेजात शिकवतो. बाईंचीच वही घेऊन. परवाच वर्गात चपटी आगगाडी काढली."

"मग?"

"हे डबे मला द्या. उद्या वर्गात नेतो."

"नाही देणार. उद्या सात वाजता या. लाकूड माझं, हात तुमचे."

मला वाटलं, येत नाही. पण पावणेसातला हजर, इस्त्रीचा शर्ट घालून. पहिली फळी वाकडी कापली, मी फेकून दिली. दुसरीही फेकली. तो घामाघूम झाला, पण करवत सोडेना. तिसरी सरळ निघाली. पुढच्या उद्या करू म्हणालो, तशी घड्याळ बघून ती एकटीच काखेत मारली आणि निघाला. नऊचा तास होता.

पँटला गुडघ्यापर्यंत भुसा. म्हणालो, "सर, झटका तो. पोरं हसतील."

"हसू देत," म्हणाला. "कशाचा भुसा म्हणून विचारतील ना, तिथूनच सुरू करतो."