गावडे सर आणि जांबोटीची बंदूक

निपाणीच्या तंबाखूच्या व्यापारात आमची हयात गेली. त्यात आम्ही जैन. घरात मुंगी मारायची चोरी, आणि मला नाद लागला जुन्या बंदुकांचा. आई म्हणायची, "कुठल्या जन्मीचं पाप फेडतोयस रं?" अशा माणसाची आणि प्रा. परशराम गावडे सरांची गाठ पडली ती एका फजितीतून.

एका दलालाने पेशवाईतली म्हणून एक बंदूक माझ्या गळ्यात मारली होती. छाती फुगवून मी ती सरांच्या कंग्राळीच्या घरी नेली. सर तेव्हा बेळगावच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत आणि जुन्या शस्त्रांची पारख करून घ्यायला लांबलांबचे लोक त्यांच्याकडे येत. सरांनी बंदूक उलटीपालटी केली, चहा मागवला आणि म्हणाले, "मगदूम, गंज बघा. हात लागतो तिथं लोखंड झिजतं, गंज कमी धरतो. इथं सगळीकडं सारखाच. मिठाच्या पाण्यात बुडवून म्हातारी केलीय हिला. वयानं तुमच्या मुलीपेक्षा लहान असंल." हसावे की रडावे कळेना. तेव्हापासून मी त्यांचा शिष्य झालो.

कुणीही बंदूक आणली की आधी तिची गोष्ट सांगायचा. कुणा सरदाराची, कुठल्या लढाईतली. सर सगळे ऐकून घेत आणि म्हणत, "गोष्ट छान आहे. आता बंदूक द्या इकडं." माणूस मात्र ते न तपासता आपला मानत. माझी पत्नी बेळगावात दवाखान्यात होती तेव्हा सर रोज कांदा-लसूण नसलेला डबा घेऊन येत, तोही दिवस मावळायच्या आत, कारण आम्ही अंधार पडल्यावर जेवत नाही. मी हे त्यांना कधी सांगितले नव्हते.

पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात गोड लिहायचे असते, हे मला कळते. पण जांबोटीची बंदूक वगळून सरांवर लिहिणे म्हणजे लबाडी होईल. संपादकांनी रागावू नये.

सरांची धाकटी बहीण शेवंताबाई जांबोटीत दिलेली. त्यांच्या घरात पिढीजात ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची, बंदूक होती. सरांनीच ती पूर्वी तपासून अस्सल ठरवली होती. दर खंडेनवमीला तिला तेल आणि कुंकू लागायचे. वर्षानुवर्षे ते थर साचून बार पेटवायचे छिद्र पार बुजून गेले होते, मेणासारखे घट्ट. सरांनी ते स्वतः पाहिले होते.

तिथे एका शेतकऱ्याला त्याच्याच भाताच्या शेतात कुणीतरी गोळी घालून मारले. शेवंताबाईंच्या घराशी त्याचे बांधावरून वैर होते. गावातल्या सगळ्या बंदुका पोलीस तपासणार असे कळले, तशा शेवंताबाई बंदूक घोंगडीत गुंडाळून, लेकाला घेऊन सरांकडे आल्या. योगायोगाने मी तिथेच होतो. लेक महेश दारातच उभा राहिला.

"आण्णा, एक दाखला दे. बंदूक जुनी हाय, पूजेची हाय, उडत न्हाय, एवढंच लिव्ह."

सरांनी बंदूक उजेडात धरली. कुंकू वरवर, ओलसर, एकाच थराचे. खालचे छिद्र मोकळे. नळीत चिंधी घालून काढली तर काळी निघाली, आणि खोलीभर सडक्या अंड्याचा वास सुटला. बंदुकीच्या जळालेल्या दारूचा वास तसाच असतो. सरांनी बंदूक परत घोंगडीवर ठेवली.

"शेवंता, बंदूक तीच हाय. पण ही परवा-तेरवा उडालीया."

"तुझा भाचा हाय त्यो."

"व्हय. म्हणून मी त्याच्यासंगं पोलिसात जातो."

सर गेले. पुढे कोर्टात साक्षही दिली. महेशला जन्मठेप झाली. त्या दिवसापासून शेवंताबाई सरांशी एक शब्द बोललेल्या नाहीत. खरे सांगतो, मी असतो तर दाखला दिला असता. एकदा मी तसे सरांना बोललोही. ते म्हणाले, "आणि मेलेल्याच्या बायकोला काय दाखला द्यायचा, मगदूम?"

भेटीच्या दिवशी सर तुरुंगात जातात. गाडी मी चालवतो. पहिली कित्येक वर्षे महेश जाळीपाशी यायचाच नाही. सर बाकावर बसत आणि वेळ संपली की परत येत. यंदा तो आला. केस पिकलेत त्याचे. त्याने विचारले, "मामा, मी भाईर येईपातूर तू असशील न्हवं?"

खात्री नसलेली गोष्ट सर कधी बोलत नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून ते रक्तदाबाच्या गोळ्या न चुकता घेतात आणि सकाळी गावाबाहेर चालून येतात, असे वहिनी सांगतात.

सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. त्यांना एवढे आयुष्य लाभो, की महेश सुटेल तेव्हा तुरुंगाच्या दारात मामा उभे असतील. गुडघ्यांत एवढे बळ राहो, की ते त्याला स्वतः जांबोटीला बहिणीच्या उंबऱ्यापर्यंत पोचवतील. आणि दार उघडायला शेवंताबाईंनाही तेवढेच आयुष्य मिळो.