मेमरी वाढवल्यानंतर

निधनाच्या नोंदीत चार गोष्टी चुकता कामा नयेत, हे डेस्कवर पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं: नाव, वय, गाव आणि रक्षाविसर्जनाची वेळ. बाकी काही चुकलं तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापता येतो. रक्षाविसर्जन तिसऱ्या दिवशी सकाळी उरकतं, त्यानंतरच्या दुरुस्तीला अर्थ नसतो. कोल्हापूर जिल्ह्यात लोक ती वेळ पेपरात बघूनच ठरवत, कामावर खाडा करायचा की जाऊन येऊन दुपारची पाळी धरायची.

मी ज्या दैनिकात होतो तिथे नव्वदच्या दशकात या नोंदी तालुक्यांतून कागदावर यायच्या. चंदगडचा वार्ताहर दुपारच्या एसटीच्या कंडक्टरकडे पाकीट द्यायचा आणि आमचा शिपाई ते स्टँडवरून आणायचा. पावसाळ्यात पाकीट ओलं यायचं. शाई फुटून साठचं ऐंशी झालेलं असलं की वयासाठी ट्रंक कॉल लावावा लागे. नंतर फॅक्स आला, पण त्यावर फोटो नुसता काळा यायचा. दोन हजार सालानंतर तालुक्यांच्या कार्यालयांत कॉम्प्युटर बसले, तेव्हा व्यवस्थापनाने नोंदी घेणारा प्रोग्रॅम करून घ्यायचं ठरवलं. वार्ताहराने तिकडे रकाने भरायचे, फोटो स्कॅन करून जोडायचा आणि टेलिफोनच्या तारेवरून सगळं इकडे पाठवायचं. इथलं मशीन फोटो उघडून लहान करी, मजकुराला जोडी आणि पानासाठी यादी तयार ठेवी.

ते काम राजारामपुरीत एका क्लासमध्ये जावा ही कॉम्प्युटरची भाषा शिकवणाऱ्या बाईंना मिळालं. वय तिशीचं, माहेर सीमेकडचं, घरात कन्नड आणि बाहेर मराठी. क्लासमधली मुलं म्हणायची म्हणून आम्हीही त्यांना मॅडमच म्हणू लागलो. पहिल्या बैठकीत त्यांनी आमच्या रकान्यांची यादी वाचली आणि विचारलं, "रक्षाविसर्जनाचा रकाना सक्तीचा का?"

मी म्हणालो, तोच सगळ्यात महत्त्वाचा.

"आमच्यात पुरतात, सर. हा सक्तीचा ठेवला तर आमची माणसं तुमच्या पेपरात मरायचीच न्हाईत."

डेस्क हसलं. लिंगायत कुटुंबांच्या नोंदी मी दहा वर्षं हाताने लिहिल्या होत्या, तरी यादी करताना हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी रकान्याला 'विधी, ठिकाण, वेळ' असं नाव दिलं. बौद्ध कुटुंबांचा जलदान विधीही त्यात नीट बसला. हे नोंदवून ठेवतो, कारण पुढे मॅडमबद्दल कार्यालयात 'निष्काळजी' हा शब्द वापरला गेला.

प्रोग्रॅम वर्षभर चालला. तक्रार एकच होती. काम चालू असताना मशीन मध्येच काही सेकंद थांबायचं. अक्षर दाबलं तरी पडद्यावर उमटायचं नाही. चंदगड आणि गोव्याकडे जाणारी आवृत्ती सर्वांत आधी सुटायची, गाडीला घाट असायचा, आणि नेमक्या संध्याकाळच्या त्या घाईत ते थांबणं सोसवत नसे. मी मॅडमना कारण विचारलं. त्यांनी ते क्लासमध्ये सांगत असाव्यात तसं सांगितलं.

"मंगल कार्यालयातल्या पंगतीसारखं हाय ते. मी आधी ज्या भाषेत काम करत होते, तिथं जो जेवला त्यानंच आपलं ताट उचलायचं. विसरला तर ताट तिथंच. जावात ताट सोडून उठलं तरी चालतं. कार्यालयाचा माणूस येतो आणि कुणाची नसलेली ताटं गोळा करून नेतो. तेवढा वेळ पंगत थांबते."

"तो येतो कधी?"

"ताटं कमी पडायला लागली की. तुमच्या मशीनला मेमरी थोडी, म्हणजे ताटंच थोडी. म्हणून त्यो सारखा येतोय."

"मग ताटं वाढवा."

"ते तुमच्या मालकाला सांगा की."

मी व्यवस्थापनाला तसं लिहून दिलं. उत्तर आलं नाही, म्हणून महिन्याने पुन्हा लिहिलं. मेमरी आली. मॅडमनी येऊन ती बसवून घेतली, प्रोग्रॅमचा वाटा वाढवून दिला, आणि थांबणं बंद झालं. त्या दिवशी कुणीतरी भडंग आणलं होतं. मागणी माझी होती म्हणून पहिली मूठ मला मिळाली.

हे जूनमध्ये झालं. सप्टेंबरच्या शेवटी एक बाई कार्यालयात आल्या. चाळिशीच्या आसपासच्या असाव्यात, चंदगड तालुक्यातल्या एका गावच्या. पहाटेची एसटी धरून आल्या होत्या. दारातल्या पहिल्याच माणसाला त्यांनी विचारलं, "पावणं, मयताचं कोण बघतं हितं?" त्याने माझ्याकडे बोट केलं.

त्या भांडायला आल्या नव्हत्या. त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं, ते असं. ऑगस्टमध्ये एका सोमवारी त्यांचे वडील वारले. घरात त्या आणि वडील दोघंच. एक धाकटा भाऊ, तो चार वर्षांपूर्वी शेताच्या वाटणीवरून भांडून गोव्याला गेला. काजूच्या कारखान्यात होता, मग तिथूनही गेला. त्याची खोली कुठे, कुणाला माहीत नव्हतं. कारखान्यात फोन केला तर तिथल्यांनी हात झटकले. त्याच्यापर्यंत पोहोचायचा एक मार्ग होता.

"पेपर वाचतो त्यो. रोज. लहानपणापास्नं. मागल्या साली शेजारची म्हातारी गेली, तवा वाचून आलता. घरात आला न्हाई, पर सावडायला आलता."

म्हणून त्यांनी सोमवारीच चंदगडला जाऊन नोंद दिली. वार्ताहराने त्यांच्यासमोर फोटो जोडून ती पाठवली. सोमवारी आलेली नोंद कोल्हापुरातलं मशीन मंगळवारी दुपारी उघडी आणि ती बुधवारी छापून येई. रक्षाविसर्जन बुधवारीच होतं. गावाने वेळ सकाळी आठची म्हटली होती, ती त्यांनी बाराची करून घेतली.

"आठला पेपर हातात पडतो त्याच्या. नवाची गाडी धरली तर बारापतूर येतोय. लोक म्हणाले, ही कुठली येळ? मी म्हटलं, असू दे. थांबा."

लोक थांबले. पाऊस होता. दोन वाजता सावडलं.

भाऊ तीन आठवड्यांनी आला. एका ट्रकवाल्याकडून त्याला कळलं होतं. तो अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, जमिनीसाठी मला कळू दिलं नाहीस. त्यांनी सांगितलं, पेपरात दिलं होतं. तो म्हणाला, त्या दिवशीही मी पेपर वाचला, त्यात नव्हतं. आणि तो खरं बोलत होता. मी बुधवारचा अंक काढला. त्या पानावर इतर सगळे होते. निधनाच्या पानातून एक नोंद गळली तर जागा रिकामी दिसत नाही, खालचा मजकूर वर सरकतो.

"मला दुसरं काय नको," त्या म्हणाल्या. "मी दिलतं, तुमच्याकडनं ऱ्हायलं, एवढं लिवून द्या. कागद तेवढा तुमचा छापील पाहिजे. साध्या कागदाला त्यो मानायचा न्हाई."

मी आठ दिवस मागितले. माझ्या टेबलाच्या खणात लेटरहेड होती आणि डेस्कप्रमुख म्हणून माझी सही चालत होती. तरी मी आठ दिवस मागितले, कारण काय झालं ते कळल्याशिवाय लिहायचं नाही, अशी सवय होती. निदान तेव्हा मी स्वतःला तसं सांगितलं.

चंदगडच्या मशीनवर नोंद पाठवल्याची खूण होती. आमच्या यादीत ती नव्हती. मी मॅडमना बोलावलं. क्लास सुटल्यावर त्या तीन दुपारी येऊन मशीनसमोर बसल्या. तिसऱ्या दुपारी त्यांनी विचारलं, "मेमरी कवा वाढवली आपण?"

"जूनमध्ये."

त्या म्हणाल्या, "चूक माझी हाय. आणि तुमच्या मेमरीनं ती बाहेर काढली."

त्यांनी सांगितलं ते असं. प्रत्येक फोटोसाठी प्रोग्रॅम एक फाईल उघडत होता. काम झालं की ती मिटायला हवी. जुन्या भाषेत वस्तू कामातून गेली की तिची आवराआवर तिथल्या तिथे होते, आणि फाईल मिटायची ओळ त्या आवराआवरीत लिहायची पद्धत असते. जावातही तशी एक जागा दिसते. मॅडमनी तीच ओळ तिथे लिहिली. पण जावात ती ओळ ताटं गोळा करणारा माणूस येईल तेव्हाच चालते.

"उघडी फाईल म्हणजे हात धुवायचा उघडा नळ. ताटाबरोबर ते नळ बंद करायचं कामही मी त्यालाच सांगून ठेवलंतं. ताटं थोडी होती, त्यो सारखा यायचा, नळ बंद व्हायचे. माझी चूक वर्षभर झाकली गेली. तुम्ही ताटं वाढवली. आता त्याला यायचं कारणच न्हाई. ताटं भरपूर हाईत, पण नळ सगळे उघडे आणि टाकी रिकामी."

उघड्या फायलींना मशीनची मर्यादा असते. ऑगस्टमध्ये, पावसात, नोंदी नेहमीपेक्षा जास्त येतात. त्या मंगळवारी मर्यादा संपली आणि पुढच्या नोंदीचा फोटो उघडला नाही. फोटो उघडला नाही तर नोंद बाजूला ठेवून पुढे जायचं, असं प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं होतं. सूचना एका कोपऱ्यातल्या फायलीत उमटत होती. ती वाचायची कुणी, हे कधीच ठरलं नव्हतं. थोड्या वेळाने लाईट गेली, मशीन पुन्हा चालू झालं, उघड्या फायली आपोआप मिटल्या आणि सगळं सुरळीत दिसू लागलं. मागे राहिली ती एकच नोंद.

दुरुस्ती एका ओळीची होती. फोटोचं काम संपताच फाईल तिथेच मिटायची, कुणाची वाट बघायची नाही. ती त्यांनी त्याच दुपारी केली.

मी संपादकांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "महिना होऊन गेला. आता दिलगिरी छापून कुणाला काय मिळणार? आणि लेटरहेडवर तर अजिबात द्यायचं नाही. एकाला दिलं की उद्या दारात रांग लागेल." मी बरं म्हणालो. त्यांनी मला खण उघडायला बंदी केली नव्हती. मी तो उघडला नाही.

मॅडमना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग मी लिहिते. प्रोग्रॅम माझा हाय." फुलस्केपच्या कागदावर त्यांनी भावाला उद्देशून हाताने दीड पान लिहिलं. आपलं पूर्ण नाव, क्लासचा पत्ता, मग काय झालं ते. बहिणीने नोंद वेळेवर दिली होती, हे पहिल्या वाक्यात. त्याखाली पंगत, ताटं, नळ आणि टाकी, कारण फायली आणि मेमरी म्हटलं तर त्यांना कळणार नाही, असं त्या म्हणाल्या. शेवटी होतं: 'तुमच्या बहिणीचा यात काही दोष नाही. दोष माझा आहे.' खाली सही. पत्र त्यांनी मला वाचायला दिलं. मी दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त केले, एक वाक्य तोडून दोन केली आणि ते बहिणीच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवलं.

मार्चमध्ये त्यांचं कंत्राट संपलं, ते पुढे चालू केलं गेलं नाही. बैठकीत कुणीतरी निष्काळजी म्हणालं. मेमरी कुणी मागितली होती हा प्रश्न निघाला नाही आणि मीही तो काढला नाही.

चंदगडच्या बाईंचा फोन मात्र त्याआधी, दिवाळीच्या आसपास आला होता. एसटीडी बूथवरून बोलत होत्या. वारस नोंदीसाठी भाऊ तलाठ्याकडे आला होता, तिथे त्यांनी पत्र त्याच्या हातात दिलं.

"वाचलं त्यानं. दोनदा वाचलं."

"मग?"

"म्हणाला, अक्का, खोटं तर खोटं, पण सरळ तरी बोलायचं की. ताटं जास्त झाली म्हणून बाबाची बातमी आली न्हाई? असं कुठं असतंय व्हय?" मग त्यांचं स्वतःचं, "छापील असता तर दोन ओळीतबी..." एवढंच म्हणाल्या. मग त्यांनीच विचारलं, "ती लिवणारी बाई हाय का अजून तिथं?"

"आहे. काही सांगू का?"

"नको. तिनं लिवलं तरी."

फोन ठेवल्यावर मी लेटरहेडचा एक कागद काढला आणि तारीख घातली. पत्ता लिहायला घेतल्यावर लक्षात आलं की बहिणीला लिहून आता उपयोग नाही, आणि भावाचा पत्ता कुणाकडेच नाही. कागद परत खणात ठेवला.

पुढच्या पावसाळ्यात मॅडम राजारामपुरीत त्यांच्या क्लासखालच्या दवाखान्यासमोर भेटल्या. स्कूटर लावत होत्या. क्लास बरा चालला होता, मुलं वाढली होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पोचलं का हो ते पत्र?"

"पोचलं."

"आणि भाऊ आला?"

तो आला होता, त्याने वाचलं आणि तो गेला. मी म्हणालो, "आला."

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या, आणि वर क्लासकडे गेल्या.