पन्ह्याच्या केकवरची वेलची

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. एकदा देवापुढे बसून मनातल्या मनात म्हणायला गेले, तर तिथेही वाक्य अर्धवट सोडून उठले. आज तुम्हाला सांगतेय — नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

मी कोपरला राहते. घरीच वाढदिवसाचे केक करते. चॉकलेट-व्हॅनिला सगळेच करतात, माझ्याकडे लोक वेगळ्या चवींसाठी येतात — तिखटमीठ लावलेल्या पेरूचा केक, गुलकंदाचा, चिक्कीचा. मुलं मागतील ती चव मी करून देते. याचा मला अभिमान होता. आणि त्या अभिमानापायीच — पण थांबा, आधी मिहिकाबद्दल सांगते.

मिहिका वरच्या मजल्यावरच्या सायलीची मुलगी. सात वर्षांपूर्वी ती सहा वर्षांची झाली. तिला पन्ह्याचा केक हवा होता. तिला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होती, अगदी एक कणही चालायचा नाही. सायलीने मला तीनदा बजावलं होतं. मी म्हटलं, निर्धास्त राहा.

त्याच दिवशी वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसचा चिक्की केक होता. दाण्याचा कूट, गूळ, लोणी. तो आधी केला, मग ओटा पुसून पन्ह्याचा घेतला. फ्रॉस्टिंग पसरायची सुरी एकच. ती मी धुतली होती का? धुतली होती, असं मी कितीतरी दिवस स्वतःला पटवत होते. नव्हती धुतली. फडक्याने पुसली होती.

फिकट हिरव्या फ्रॉस्टिंगवर मला तीन-चार तपकिरी कण दिसले. बोटावर घेऊन बघितले. दाणेच होते.

चारचा कार्यक्रम. साडेतीन वाजलेले, आणि सायलीचा नवरा केक न्यायला दारात उभा. नवीन करायला दोन तास लागले असते. केक नाही म्हणून सांगायचं? कुठल्या तोंडाने? मी वरचा थर खरवडला, नवा लावला, आणि — हे लिहिताना हात थांबतोय — वरून वेलचीची पूड भुरभुरली. राहिलाच एखादा कण, तर वेलचीत दिसणार नाही म्हणून. म्हणजे मला माहीत होतं. चुकून झालं, असं मला म्हणता येत नाही.

पार्टीला मीही गेले. मेणबत्त्या विझल्या. मिहिकाच्या आजीने, सायलीच्या सासूबाईंनी, पहिला घास भरवला. त्या मोहन्याला एकट्या राहायच्या, नातीच्या वाढदिवसासाठी मुद्दाम आलेल्या. मी चार पावलांवर उभी होते. तो घास तोंडात जाईपर्यंत मला बोलायला वेळ होता. मी बघत राहिले.

दहा मिनिटंही झाली नसतील. मिहिका ओठ चोळायला लागली. मग ओठ सुजले, खोकला सुरू झाला, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. सायलीने तिला उचललं, नवऱ्याने खालून रिक्षा थांबवली आणि ते दवाखान्यात गेले. पाहुणे पांगले. घरात आजी आणि मी.

थोड्या वेळाने माझा फोन वाजला. सायली होती.

"ताई, केकमध्ये दाणे नव्हते ना? डॉक्टर विचारतायत."

आजी समोरच उभ्या होत्या. मुलाला आवडतात म्हणून त्यांनी दाण्याच्या लाडवांचा डबा आणला होता. मिहिकाचा हात पोचू नये म्हणून तो कपाटावर ठेवला होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मी म्हटलं, "नाही गं. पण आजींच्या डब्यात दाण्याचे लाडू आहेत ना? त्यांनीच भरवलं तिला."

आजींनी ते ऐकलं. त्या आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून बघत राहिल्या. मग मोरीत गेल्या, आणि बराच वेळ नळ चालू होता.

मिहिका वाचली. दोन दिवसांत घरी आली. ती आली नसती तर मी बोलले असते का? या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे, म्हणूनच मी तो फार वेळ मनात राहू देत नाही. त्या संध्याकाळी मी उरलेला केक वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकला. कुणी तपासू नये म्हणून.

चार दिवसांनी आजी मोहन्याला परत निघाल्या. जाताना माझ्याकडे आल्या. आत या म्हटलं तरी दारातच उभ्या राहिल्या.

"हात धुतले होते गं मी," त्या म्हणाल्या. "पण नखात राहिलं असेल. माझंच चुकलं. तुझ्या केकला उगाच बोल लागला असता."

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "होतं असं, आजी. मनाला लावून घेऊ नका."

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला.

त्यानंतर सायलीने त्यांना मिहिकाला कधी काही भरवू दिलं नाही. त्या आल्या तर लांब खुर्चीवर बसायच्या, हात मांडीवर. पुढे येणंही कमी झालं. मिहिकाचा केक मात्र दरवर्षी माझ्याकडूनच जातो. ताईंचा केक डोळे मिटून घ्या, असं सायली सगळ्यांना सांगते.

गेल्या वर्षी आजी गेल्या. मी मोहन्याला भेटायला गेले. सायली रडत होती, शेवटी शेवटी आपण त्यांच्याशी फार तुटक वागलो म्हणत होती. मग माझा हात धरून म्हणाली, "तेव्हा आम्ही सगळे त्यांच्यावर चिडलेलो. तुम्ही एकट्याच त्यांच्याशी नीट बोललात. त्या नेहमी आठवण काढायच्या तुमची."

मी तिचा हात हातात घेऊन बसले. कुणीतरी चहा आणला. मी प्यायले, कप धुऊन ठेवला आणि घरी आले.